फॉइलमधली बाटली

१ नोव्हेंबर

डॉक्टरांनी रक्तदाबावर दोन उपाय सांगितले. मीठ कमी करा, आणि मनात साचलेलं रोज कागदावर उतरवा. मीठ सोडणं माझ्याच्यानं होणार नाही, म्हणून ही वही.

आज साचलेलं असं. संचालकांनी बैठक बोलावली. ज्या माणसाला मी पिपेट कसं धरायचं ते शिकवलं, त्याला आता 'सर' म्हणावं लागतं, आणि तोही ते निमूट ऐकून घेतो. जानेवारीत संस्थेत 'प्रकाश-रसायन केंद्र' उघडणार. मोठे पाहुणे येणार. त्यांच्यासमोर मी बनवलेली जेल दिव्याखाली वितळवून दाखवायची. केंद्राची प्रमुख मी. म्हणजे दोन वर्षांवर आलेली निवृत्ती आणखी पाच वर्षं पुढे गेली. खुर्चीतून उठताना गुडघे दुखले नाहीत, ही आजची वैद्यकीय नोंद.

बैठकीनंतर प्रसिद्धी विभागातला दाढीवाला मागे लागला.

"मॅडम, सोप्या भाषेत सांगा ना. माझ्या आजीला कळेल असं."

"आजी काय करायच्या?"

"कॉलेजात गणित शिकवायची."

"मग त्यांना कळेल. तुमचंच बघू या."

सांगितलं. माझे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात. बंध अगदी कच्चे, पण पुष्कळ. सहा जणांचं एक कडं होतं, कड्यावर कडं चढतं, त्याचा तंतू होतो, तंतूंचं जाळं होतं, जाळ्यात द्रव अडकतो आणि त्याची जेल होते. बाटली उलटी धरली तरी खाली पडत नाही. हे सगळं ते आपलं आपण करतात, कोणी सांगावं लागत नाही; संस्थेत असा दुसरा विभाग नाही. प्रत्येक रेणूत एक सांधा आहे. जांभळा प्रकाश पडला की सांधा वाकतो. वाकलेली कडी एकमेकांवर बसत नाहीत, जाळं सुटतं, जेल पातळ होते. अंधारात ठेवली की पुन्हा घट्ट.

दाढीवाल्यानं लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं: "रेणू हातात हात घालून उभे असतात. प्रकाश दिसला की लाजून हात सोडतात."

रेणूंना हात नसतात, म्हटलं, आणि लाज तर त्याहून नसते. त्यानं तेही लिहून घेतलं.

५ नोव्हेंबर

दिव्याचं प्रकरण. आमचा पाऱ्याच्या वाफेचा जुना दिवा, ज्याला मी म्हातारा म्हणते, तो पेटायला वेळ घेतो, पेटला की घरघरतो, आणि वास मारतो. थंडी पडल्यापासून अख्खा मजला माझ्या खोलीत येऊन त्याच्या पत्र्यावर हात शेकतो. आज शेजारच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी पत्र्यावर जेवणाचा डबा ठेवला होता. प्रयोगशाळा आहे, खानावळ नाही, म्हटलं. डबा उचलताना त्यांचं बोट भाजलं. बरं झालं.

संचालकांना म्हातारा नको. पाहुण्यांसमोर शोभत नाही म्हणे. नवा दिवा आलाय. पेन्सिलीच्या डबीएवढा, आवाज नाही, वास नाही, तासभर चालू ठेवून हातात धरला तरी गार. नव्या दिव्याखाली जेल वितळवून बघायचं काम मुंगीला दिलं.

मुंगी म्हणजे माझी संशोधक विद्यार्थिनी. तिशीला आली. नाव मीच पाडलं. मान खाली, ओझं स्वतःपेक्षा मोठं, आणि वाटेत बोट ठेवलं की वळसा घालून पुन्हा तिथंच येणार. सहावं वर्ष चालू आहे. दोनदा मुदतवाढ झाली. जानेवारीअखेर प्रबंधावर माझी सही झाली नाही तर नोंदणी रद्द. एका रंगाच्या कंपनीनं तिच्यासाठी जागा अडवून ठेवली आहे, पदवीच्या अटीवर. रंगाची कंपनी! मी तिला भिंती रंगवायला नव्हतं शिकवलं. पण असो, पोट सगळ्यांना असतं.

११ नोव्हेंबर

गार दिव्याखाली जेल वितळत नाही. दहा मिनिटं, तास, अख्खी दुपार. बाटली उलटी केली की जेल आपली वर चिकटून, वटवाघळासारखी.

मुंगीच्या हाताला गुणच नाही. दिवेवाल्याला बोलावलं. तो मोजायचं यंत्र घेऊन आला.

"मॅडम, जांभळा प्रकाश तुमच्या जुन्या दिव्यापेक्षा दुप्पट आहे. हा आकडा बघा."

"आकडा बघून जेल वितळत नाही."

"मग कशानं वितळते?"

"प्रकाशानं."

"तो तर आहे."

"योग्य तसा नसेल."

तो आपल्या यंत्राकडे बघत राहिला. विक्रीतल्या लोकांना विज्ञान समजावणं म्हणजे डोक्याला ताप. दिवा परत न्या म्हटलं, तर म्हणाला, बिघडला असेल तर नेतो. मुंगी कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. तिनं हसू दाबलं असा माझा संशय आहे.

१६ नोव्हेंबर

आज डोकं भणाणलंय, तेव्हा शांतपणे लिहिते.

"मॅडम, एक विचारू?"

"नको म्हटलं तर थांबणार आहेस?"

"आपल्या पहिल्या पेपरमधली तुलनेची बाटली, अंधारातली, ती कुठं ठेवली होती?"

"अंधारात."

"म्हणजे कुठं?"

"कपाटात. अंधार कपाटात असतो, नाहीतर संचालकांच्या डोक्यात."

"म्हणजे दिव्याखाली नव्हती."

"दिव्याखाली अंधार कसा असेल, अगं?"

"फॉइलमध्ये गुंडाळून. उघड्या बाटलीच्या शेजारी, म्हाताऱ्याखाली. प्रकाश आत जाणार नाही, बाकी सगळं दोघींना सारखं."

"बाकी सगळं म्हणजे काय?"

ती म्हाताऱ्याच्या पत्र्याकडे बघत राहिली.

तिचं म्हणणं मला कळलं नाही असं नाही. झाकलेली बाटलीही वितळली, तर काम प्रकाशाचं नव्हे, उष्णतेचं. उष्णतेनं लोणीसुद्धा वितळतं. त्यासाठी कोणी केंद्र उघडत नाही. माझा पेपर तीन परीक्षकांनी तपासला. जगभरच्या प्रयोगशाळांनी त्याचे दाखले दिले. यांतल्या एकालाही न सुचलेली शंका हिला सुचली, कशामुळे? तर हिच्या हातून प्रयोग होत नाही म्हणून. नाचता येत नसलं की माणसं जमिनीची तपासणी मागतात.

तो प्रयोग दहा मिनिटांचा आहे. म्हणूनच तो करायचा नाही. बारा वर्षांचं काम दहा मिनिटांच्या खुंटीला टांगायचं नसतं. तिला सांगितलं, आधी गार दिव्याचं बघ, असले खेळ नंतर.

२२ नोव्हेंबर

नवऱ्याचं श्रवणयंत्रांचं दुकान आहे. दिवसभर लोकांचे कान तपासतो, त्यामुळे घरी आल्यावर त्याला काहीच ऐकू येत नाही. आज मात्र जेवताना स्वतःहून बोलला.

"आज एक गृहस्थ आले होते. हट्टाला पेटले होते की कान ठणठणीत आहेत, बायकोनं उगाच पाठवलं."

"मग?"

"आवाज ऐकू आला की हात वर करायचा, असं सांगून बंद खोलीत बसवतो ना आम्ही? मी मधूनच बटण दाबतो, पण आवाज सोडत नाही. हे गृहस्थ प्रत्येक वेळी हात वर करत होते. अगदी आत्मविश्वासानं."

मी एवढी हसले की ठसका लागला. म्हटलं, "काय माणसं असतात! आवाजच नाही, आणि हात वर!"

"खोटं बोलत नाहीत गं ती. त्यांना खरंच ऐकू येतं."

"वेडी असतात."

"नाही. फार दिवस वाट बघत असतात."

मग तो भाजी वाढून घेत माझ्याकडे बघत राहिला. काय बघतोस विचारलं तर म्हणाला, काही नाही. बायकोचं वय बघत असेल. या वयात पुरुषांना तेवढंच दिसतं.

२९ नोव्हेंबर

मुंगीनं फोटो आणले. सूक्ष्मदर्शकाखालचे. गार दिव्याखाली जेल वितळत नाही, पण किंचित आकसते आणि धुरकट होते, हे मीही पाहिलं होतं. ती म्हणते, आत तंतूच बदलतात. सरळ असतात ते गोल गोल वळतात. फोटोत खरंच जुन्या टेलिफोनच्या वायरसारखी वेटोळी दिसत होती. दिसायला छान. फोटो छान असणं हा पुरावा नव्हे.

"जेल वाळली असेल. वाळली की तंतू आखडतात. कचरा आहे हा."

"झाकण घट्ट होतं, मॅडम. आणि फॉइलमधली शेजारची बाटली तशीच राहिली. सरळच्या सरळ."

"म्हणजे तू केलंसच ते फॉइलचं?"

"गार दिव्याखाली केलं. म्हाताऱ्याखाली नाही केलं."

"का? तुला कोण अडवणार होतं?"

"ते तुम्ही करावं म्हणून थांबलेय."

एवढा उद्धटपणा! वर आवाज इतका मऊ, की रागवायलाही जागा नाही. पुढे म्हणते, प्रकाशानं सांधा वाकतो हे तुमचं म्हणणं खरंच आहे. फक्त सांधा वाकला की जाळं सुटत नाही, ते वळतं. वितळणं वेगळं, ते दिव्याच्या उष्णतेचं. म्हणजे मी अर्धी बरोबर. बारा वर्षांनंतर विद्यार्थिनीकडून पन्नास टक्के गुण मिळाले, उत्तीर्ण झाले म्हणायचं.

हे सगळं तिला प्रबंधाचं पाचवं प्रकरण म्हणून घालायचंय. म्हाताऱ्याखालच्या प्रयोगाची जागा तिनं मोकळी ठेवली आहे. त्यावर सही माझी हवी. मी म्हटलं, प्रकरणं चारच पुरेत. जास्त प्रकरणं झाली की वाचणारा दमतो.

"मग हे खरं कुठं सांगायचं?"

"खरं आहे हे आधी ठरू दे."

"दहा मिनिटं लागतात, मॅडम."

या मुलीला दुसरं वाक्यच येत नाही.

७ डिसेंबर

संचालकांनी चहाला बोलावलं. हा माणूस फुकट चहा देत नाही, त्यामुळे बिस्किट घेतलं नाही.

"मॅडम, तुमची ती विद्यार्थिनी काहीतरी शंका काढतेय असं कानावर आलं."

"संशोधकानं शंका काढायचीच असते, सर." मी तिची बाजू का घेतली कोण जाणे. जुनी सवय.

"काढू दे, काढू दे. फक्त जानेवारीत नको. जागेची कागदपत्रं झालीत, इमारतीला रंग लागलाय, तुमच्या नावाची पाटी तयार आहे. आणि गार दिवा चालत नसेल तर राहू दे. तुमचा जुनाच वापरू, त्याला एक छान पांढरा डबा करून घेऊ."

"तो तापतो फार."

"मग डब्याला भोकं ठेवू."

निघताना म्हणाला, "मुलीचं तेवढं मिटवा. सहीचं वगैरे तुमच्या हातात आहेच."

मी म्हटलं, माझ्या सहीचं मी बघेन. बाहेर आल्यावर अभिमान वाटला. मग पाटी कशी केलीय ते बघायला खाली गेले. पितळेची. अक्षर बरं आहे.

१० डिसेंबर

मुंगी आठवडाभर रजेवर. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. खोली शांत. कामं कशी भराभर उरकतील म्हटलं होतं. एकही झालं नाही.

१४ डिसेंबर

सगळे जेवायला गेले होते. मुंगी परत आली की तिच्या तोंडावर फेकता यावं, एवढ्यासाठीच केलं. दोन बाटल्या, एकाच घाण्यातली जेल. एक उघडी, एक फॉइलमध्ये. म्हाताऱ्याखाली शेजारी शेजारी.

दहा मिनिटांनी दोन्ही उलट्या केल्या.

उघडी वितळली. फॉइलमधलीही वितळली.

फॉइलला बारीक भोक असणार. हल्ली फॉइलसुद्धा कागदाच्या लायकीची येते. दुहेरी गुंडाळून पुन्हा केलं. वितळली. चौहेरी केलं. वितळली. मग काळ्या चिकटपट्टीचा थर, वर फॉइल. हिला थोडा वेळ जास्त लागला एवढंच, पण वितळली. डोळ्यांवर पट्टी बांधून, अंगावर चार चादरी घेऊन बसलेल्या बाईला सूर्य दिसत नाही. ऊन मात्र लागतं.

हे शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे.

लोक जेवून परतायच्या आत बाटल्या धुतल्या, फॉइल चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकली. हात भाजलाय. नवऱ्याला सांगितलं, चहा सांडला.

१५ डिसेंबर

एका दिवसाच्या प्रयोगानं काही सिद्ध होत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते.

१८ डिसेंबर

पुन्हा केलं. तेच.

मग ठरवलं, संचालकांना सांगून टाकायचं. सकाळी साडी नेसताना वाक्यं जुळवली. 'सर, आमची तुलनेची बाटली चुकीच्या जागी होती. दिव्याखाली ठेवायची ती कपाटात ठेवली. बारा वर्षं.' छोटी वाक्यं. शाळेतल्या मुलालाही कळतील अशी.

केबिनमध्ये गेले. तो फोनवर होता. हातानं बसा म्हणाला. बसले. भिंतीवर नव्या केंद्राचं चित्र लागलंय. त्यात चित्रकारानं काढलेली छोटी छोटी माणसं फिरताहेत, एक बाई दारात उभी आहे. तिच्या हातात फाईल आहे.

फोन ठेवून त्यानं विचारलं, "बोला मॅडम."

"सर, मला एक शंका आहे."

"जेलबद्दल?"

"हो."

"जानेवारीनंतर काढू ना." आणि हसला. "शंका कुठं पळून जातेय का?"

मी पण हसले. उठले. जिना उतरताना अंग इतकं हलकं वाटलं की मलाच माझी शरम वाटायला हवी होती. वाटेल, सवडीनं.

बाकी मी सांगायला गेले होते, हे खरं आहे. त्यानं ऐकून घेतलं नाही.

२७ डिसेंबर

मुंगी आली. रजेहून आल्यावर आठवडाभर टायपिंग करत बसली होती, आज प्रबंध घेऊन आली. पाच प्रकरणं. पाचव्यातली ती मोकळी जागा तशीच.

"आई कशी आहे?"

"बरी आहे. पट्टी निघाली. आता मला बघून म्हणते, वाळलीस किती."

"आयांना तेवढंच दिसतं."

"मॅडम, तुम्ही केलंत का?"

"काय?"

"फॉइलचं."

"कुठं गं वेळ झाला. या उद्घाटनानं जीव खाल्लाय."

ती हो म्हणाली. मग तिची नजर माझ्या हातावरच्या डागाकडे गेली. तिथून टेबलाखालच्या डब्याकडे. सफाईवाला सुट्टीवर आहे, डबा दोन आठवडे तसाच. त्यात चुरगळलेल्या फॉइलचे गोळे होते, आणि काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेलं एक प्रकरण. आमच्या खोलीत फॉइल दुसऱ्या कशाला लागत नाही.

मी म्हटलं, "सहीचं उद्घाटनानंतर बघू."

"बरं, मॅडम."

एवढंच. वाद नाही, चढा आवाज नाही. मुलगी आता जरा समजूतदार होत चालली आहे.

९ जानेवारी

झालं एकदाचं.

काल मनाशी निश्चय केला होता. खोटं बोलायचं नाही. दोन्ही बाटल्या मांडायच्या, सगळ्यांसमोर. एक उघडी, एक फॉइलमधली. जे आहे ते आहे, ज्याला डोळे आहेत त्यानं बघावं. बारा वर्षांचं काम स्वतःच्या हातानं मोडायला निघालेली बाई काय म्हणून ताठ चालेल? पण मी ताठ चालले. नवऱ्यानं कोट निवडून दिला. म्हणाला, "आज काही वेगळीच दिसतेस."

सभागृह भरलेलं. पांढऱ्या डब्यात म्हातारा, डब्याला भोकं. पहिल्या रांगेत पाहुणे, संचालक, पैसे देणारे. मी दोन्ही बाटल्या उलट्या करून दाखवल्या, मग एकीला फॉइल गुंडाळली. ही उघडी, म्हटलं, आणि ही फॉइलमध्ये, हिच्यात प्रकाशाचा थेंबही जाणार नाही. दोन्ही दिव्याखाली ठेवल्या. दहा मिनिटं दाढीवाल्यानं हातात हात घालणाऱ्या रेणूंची फिल्म दाखवली.

मग उघडी उलटी केली. जेल वाहून झाकणात आली. टाळ्या.

मग फॉइल सोडवली. सावकाश उलटी केली. तीही वाहिली.

मला वाटलं, आता. आता कोणीतरी उठणार.

टाळ्या. आधीपेक्षा जोरात. मागच्या रांगा उभ्या राहिल्या.

मुख्य पाहुणे पुढे झुकून म्हणाले, "म्हणजे झाकून ठेवली तरी तिला प्रकाश कळतो?"

संचालक म्हणाला, "तीच तर खुबी आहे, साहेब!"

मी तोंड उघडलं होतं. पण माईक हातभर लांब होता, आणि तो जवळ ओढणं बरं दिसलं नसतं.

बाहेर व्हरांड्यात मुंगी उभी होती.

"मॅडम, बघितलं मी. मला वाटलं नव्हतं तुम्ही कराल." तिचे डोळे चमकत होते, पहिल्यांदाच पाहिलं तसं. "आता बोला ना. आत जाऊन. दोनच वाक्यं."

"दाखवलं की सगळ्यांसमोर. आणखी काय करू?"

"त्यांना कळलं नाही."

"तो त्यांचा प्रश्न. मी काही लपवलं का?"

"तुम्हाला माहीत होतं त्यांना कळणार नाही."

"आवाज खाली. पाहुणे आहेत."

तिनं आवाज खालीच ठेवला होता. मग म्हणाली, "मी बोलू?"

"तू कोण म्हणून बोलणार? सही झालेली नाही अजून तुझी."

हे मी म्हणायला नको होतं. म्हणजे, खरं होतं ते, पण त्या वेळी म्हणायला नको होतं. तिच्या डोळ्यांतलं ते जे काही होतं ते गेलं. चहा घेऊन जा म्हटलं. ती न घेता गेली.

तरी आज मी जे केलं ते फार थोड्यांनी केलं असतं. हे कोणी लिहिणार नाही, म्हणून मीच लिहून ठेवते.

११ जानेवारी

दाढीवाल्याचं पत्रक सगळ्या वर्तमानपत्रांत आलं. 'फॉइलच्या आतूनही प्रकाश ओळखणारी जेल'. खाली माझा फोटो, बाटली उलटी धरलेला. नवऱ्यानं चहाबरोबर वाचलं, घडी घालून ठेवलं आणि विचारलं, "हे असंच आहे?"

"पत्रकारांना काय कळतं?"

"तू कळवणार आहेस त्यांना?"

"बघू."

तो दुकानात गेला. आज लवकर गेला.

२० जानेवारी

मुंगी सकाळीच आली. केस कापलेत. बरी दिसते. प्रबंध टेबलावर ठेवला. उचलून पाहिला तर हलका.

"पाचवं प्रकरण काढलंय," ती म्हणाली.

"का गं?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना, चार पुरेत."

मी म्हणू शकले असते, परत घाल. वाक्य तोंडात तयारही होतं. मग वाटलं, मोठी झाली आहे, तिचा निर्णय आहे, आपण का मध्ये पडावं? तिला पुढच्या आठवड्यात रंगाच्या कंपनीत रुजू व्हायचंय. उशीर झाला तर नुकसान तिचंच.

"तिथं काय काम देणार?"

"भिंतीवरचा रंग उन्हात किती टिकतो ते बघायचं."

"म्हणजे प्रकाशाचंच की."

"हो," म्हणाली. हसली नाही.

पानं चाळली. टायपिंग स्वच्छ, आकृत्या नीट. चौथ्या प्रकरणात एक वाक्य नवीन दिसलं: 'प्रकाशामुळे ही जेल वितळते, हे यापूर्वीच सिद्ध झालेले आहे.' आणि शेजारी संदर्भ क्रमांक. माझ्या पेपरचा. मी ते वाक्य वाचत असताना ती खिडकीबाहेर बघत होती.

"ते वळलेल्या तंतूंचे फोटो आहेत ना तुझ्याकडे? म्हणजे, सहज. पुढे नव्या केंद्रात कोणाला तरी बघायला सांगेन म्हणते."

"नाहीत आता."

"नाहीत म्हणजे?"

"पुसले."

"अगं, पण असं कसं..."

"सही इथं, मॅडम. आणि खाली तारीख."

तिचं पेन तिनं पुढे केलं. आधी आभाराचं पान वाचून घेते म्हटलं. सही करण्याआधी मी ते नेहमी वाचते. विद्यार्थी वर्षानुवर्षं जे तोंडावर बोलत नाहीत ते तिथं सापडतं. पहिलाच परिच्छेद माझ्यावर होता. 'ज्यांनी मला केवळ रसायनशास्त्र नव्हे तर निर्भयपणे प्रश्न विचारायला शिकवले, त्या माझ्या मार्गदर्शक...' ओळ पुन्हा वाचली. मान वर करून तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. तिला बस गाठायची होती.

सही केली. तारीख घातली. ती आभारी आहे म्हणाली, दार हलकेच लावून घेतलं.

मग लक्षात आलं. हा परिच्छेद मी आधी वाचलाय. मागच्या विद्यार्थ्याच्या प्रबंधात, अगदी शब्दन् शब्द. फक्त 'त्या' आणि 'माझ्या' यांच्यामध्ये तिथं 'आदरणीय' होतं. त्यानं तो कोणाच्या प्रबंधातून उचलला असेल, देव जाणे. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांचे प्रबंध माझ्यामागच्या कपाटात ओळीनं आहेत, किल्ली कुलपालाच असते. खुर्ची नुसती वळवायची होती.

चहा मागवला.